शेवटच्या घरची ओ.टी.

प्रति,
विदर्भातल्या गावोगावच्या ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच, सदस्य, ग्रामसेवक आणि जलसुरक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी आरोग्य सेविका होते. यवतमाळ जिल्ह्यात वेगवेगळ्या उपकेंद्रांवर ३१ वर्षं नोकरी केली, आता घरी असते. लोक नर्सबाई म्हणायचे, अजूनही म्हणतात. हे पत्र कुणा एका ग्रामपंचायतीला उद्देशून नाही. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण जी ओ.टी. (ऑर्थोटोलिडिनची चाचणी) घेतो, ती टाकीखाली किंवा चौकातल्या नळावर घेऊ नका. पाइपलाइन जिथे संपते त्या शेवटच्या घरी जाऊन घ्या, आणि त्या घरचा निकाल रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं लांब पत्र लिहायची वेळ का आली, ते सांगते.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मृगाचा पाऊस होऊन गेला होता, पेरण्या अर्ध्यावर आल्या होत्या. रात्री दोनच्या सुमारास उपकेंद्राचं दार वाजलं. वीसेक वर्षांचा पोरगा होता, पळत आलेला. "बाई, माह्या मायले पाहा नं जी. सांजपासून हगवन लागली, आता बोलूनच नाही राह्यली."

घर गावाच्या पार टोकाला, नाली ओलांडून पलीकडच्या वस्तीत. बाजेवर पन्नाशीची बाई पडली होती. दुपारपर्यंत ती वावरात सरकी टोबत होती. मी हात हातात घेतला तर बोटांची टोकं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, आणि हात गार. डोळे खोल गेलेले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. पोटऱ्यांना गोळे येत होते तशी ती नुसती कळवळायची. बाजेखाली घमेलं होतं. त्यात मळ असा नव्हताच, तांदळाचं धोवण असतं तसं पांढुरकं पाणी होतं. मी शिकताना पुस्तकात वाचलं होतं ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते. नाडी मनगटाला लागेना. सुईला शीर सापडेना. भिंतीशी तिचा चार वर्षांचा नातू निजला होता, त्याचंही अंथरूण ओलं झालं होतं.

जीप मिळायला पाऊण तास गेला. ती बाई प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फाटकाशी पोहोचण्याआधी गेली. नातू वाचला. संध्याकाळपर्यंत शाळेच्या दोन खोल्यांत सतरंज्या टाकून पेशंट झोपवले होते आणि सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या होत्या. त्यातले बहुतेक त्याच वस्तीतले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचं पथक आलं. त्यांनी पाण्याच्या नोंदीचं रजिस्टर मागितलं. मागच्या पंधरा दिवसांत रोज लिहिलेलं होतं: ओ.टी. पॉझिटिव्ह, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. नोंद खोटी नव्हती. टाकीखालच्या नळावर नळीत पाणी धरलं, थेंब टाकले की ते पिवळं व्हायचंच. त्या रजिस्टरवर माझीही सही होती. मी आठवड्यातून एकदा जायचे, टाकीखाली उभी राहायचे, पिवळा रंग बघायचे आणि सही करून पुढच्या गावाला निघायचे. त्या दिवशी मी पहिल्यांदा तीच नळी घेऊन शेवटच्या घरी गेले. पाणी काचेसारखं राहिलं. थेंबावर थेंब टाकले तरी पिवळेपणाचा मागमूस नाही.

त्या घरचा नळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे, कारण असे नळ आपल्याकडे गावोगाव आहेत. पाणी जोरात येत नाही, टोकाला तर येतच नाही. मग लोक अंगणात दोन-अडीच फूट खड्डा खणतात, पाइप खालीच कापतात आणि नळ खड्ड्याच्या तळाशी घेतात, म्हणजे पाणी उतारानं तरी येतं. वर फरशी झाकलेली. मी फरशी सरकवली. खड्ड्यात वीतभर पाणी साचलेलं, त्यावर भाजीची देठं तरंगत होती, साबणाचा फेस होता. शेजारची नाली हातभर अंतरावर, तिचं पाणी झिरपून तिथे आलेलं. नळाचं तोंड त्या पाण्यात बुडालेलं. पाणी सोडायची वेळ झाली तेव्हा घरच्या सुनेनं तिथेच गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, भरला, पहिलं पाणी थोडं बाजूला सारून. मग पाणी बंद झालं. मी वाकून ऐकलं. पाइपातून गुळगुळ, गुळगुळ आवाज येत होता. खड्ड्यातलं पाणी पाइप आत ओढत होता.

साथ कशानं येते हे मला पुस्तकांपेक्षा त्या आवाजानं जास्त समजलं, म्हणून ते थोडं फोडून सांगते.

गावात पाणी चोवीस तास येत नाही. कुठे दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, तेही तासभर. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो, फट असली तरी पाणी बाहेरच उडतं. पाणी बंद झालं की उतारावरचं पाणी खाली धावतं, पाइप रिकामा होतो आणि जिथे फट असेल तिथून बाहेरचं आत खेचतो. व्हॉल्व्हचा खड्डा भरलेला असेल तर तिथून, नालीतून गेलेल्या पाइपाच्या सांध्यातून, खड्ड्यातल्या नळाच्या तोंडातून. कुणी नळाला टिल्लू पंप लावला असेल तर ही ओढ आणखी वाढते, आणि त्याचा भुर्दंड पुढच्या घरांना बसतो. आपली जमीनही यात भर घालते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस झाला की तीच माती फुगते. दरवर्षीच्या या आकसण्या-फुगण्यानं पाइपाचे सांधे ढिले होतात. म्हणजे ज्या आठवड्यात शिवारातली, गोदरीतली (हागणदारीतली) घाण वाहून नालीत येते, नेमक्या त्याच आठवड्यात पाइपही उघडा पडलेला असतो. मृग-आर्द्रात साथी येतात त्यामागे आभाळाचा कोप वगैरे काही नाही.

त्या घाणीत काय काय असतं? हगवणीचे जंतू अनेक जातीचे असतात. त्याच वाटेनं टायफॉइड येतो, कावीळही येते. पण सगळ्यांत लवकर जीव घेतो तो कॉलरा, आपल्या आज्या ज्याला पटकी म्हणत आणि जिच्यासाठी गावाच्या वेशीवर मरीमाय बसवत. त्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. तो माणसाच्या मळातून पाण्यात आणि पाण्यातून माणसाच्या तोंडात जातो. पोटात गेल्यावर बारा तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही लक्षणं दिसू लागतात. आणि यातली खरी फसवणूक पुढे आहे. ज्यांना लागण होते त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा एक-दोन पातळ जुलाब होऊन ते कामाला लागतात. पण एक ते दहा दिवस त्यांच्या मळातून जंतू बाहेर पडत राहतात. शाळेच्या सतरंजीवर दिसतात ते थोडे. बाकीचे पेरणीला गेलेले असतात, तेरवीच्या पंगतीत वाढत असतात.

हा जंतू आतड्याला जखम करत नाही. तो एक विष सोडतो. कोलकात्याच्या शंभुनाथ डे या डॉक्टरांनी १९५९ साली हे दाखवून दिलं, तोपर्यंत जगाला त्याची नीट कल्पना नव्हती. ते विष आतड्याच्या पेशींना चिकटतं आणि त्यांच्यातले क्षार बाहेर सोडायला लावतं. क्षार निघाले की मागोमाग पाणी निघतं. सुरुवातीला लोटाभर, मग बादलीभर. आजार जोरात असेल तर तासाला लिटरभर पाणी अंगातून जातं. रक्त घट्ट होतं, मूत्रपिंड बंद पडतं, पोटॅशियम उतरतं म्हणून पायांना गोळे येतात. लहान लेकरांची साखर उतरून त्यांना झटके येतात. गरोदर बाईचं पोटातलं मूल जाऊ शकतं. असे रोगी उपचाराशिवाय राहिले तर निम्मे दगावू शकतात, आणि वेळेत पाणी-क्षार भरून काढले तर शंभरात एकही जात नाही. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे त्या रात्रीचा पाऊण तास.

ओ.आर.एस.बद्दल दोन शब्द लिहितेच, कारण अजूनही घराघरात मी ऐकते, "पानी देऊ नोका, अजून लागन." विषानं क्षार बाहेर जाण्याचं दार उघडलेलं असतं, पण आत येण्याचं एक दुसरं दार शाबूत असतं. त्या दारातून साखर आणि मीठ जोडीनंच आत जातात आणि पाण्याला सोबत नेतात. नुसतं पाणी तिथून जात नाही, नुसतं मीठही जात नाही. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बंगालच्या सीमेवर बनगावला आले, तिथे कॉलरा फुटला आणि सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-सोड्याचं पाणी पिंपात भरून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजायला सांगितलं. त्या छावणीतला मृत्यूदर शेकडा ३० वरून चारच्याही खाली आला. पाजणाऱ्या साध्या बाया होत्या, आपल्यासारख्या. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. आशाताईकडून लेकराला झिंकच्या गोळ्या घ्यायच्या, चौदा दिवस पूर्ण. आणि डोळे खोल गेले, लघवी थांबली, पाणी पोटात ठरेना, तर घरी बसायचं नाही.

पण साहेब, ओ.आर.एस. हे तुमचं काम नाही, ते आमचं. तुमचं काम त्याच्या आठ दिवस आधीचं आहे. साथ फुटल्यावर मी अनेक सरपंचांना रात्रंदिवस राबताना पाहिलं आहे. स्वतःची गाडी काढून पेशंट नेणारे, खिशातून औषध आणणारे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तरीही सांगते, तीच माणसं एप्रिलमध्ये पाइपाचा सांधा बदलायच्या ठरावाला "पुढच्या बैठकीत पाहू" म्हणाली होती.

१८५४ साली लंडनमध्ये एका वस्तीत कॉलरानं शेकडो माणसं गेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून विचारलं, कोण कुठलं पाणी पितं. सगळ्यांचं बोट एका सार्वजनिक हातपंपाकडे गेलं, आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. नंतर शोध लागला तो असा. पंपाला लागूनच असलेल्या घरात एक तान्हं बाळ हगवणीनं आजारी होतं. आईनं त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घराखालच्या मैलाकुंडात ओतलं होतं. कुंडाच्या विटा निखळलेल्या होत्या, आणि विहीर तिथून तीनेक फुटांवर. मला हे वाचताना आमच्या गल्ल्या दिसल्या. लहान लेकराची शी आपण घाण समजतच नाही. पोरगं नालीवर बसतं, लंगोट नालीवर धुतला जातो. गाव हागणदारीमुक्तीचा फलक लावून मोकळं होतं, आणि तान्ह्या लेकरांचा हिशेब कुणी धरलेलाच नसतो.

आता टी.सी.एल.कडे येते. जलसुरक्षक भावांनो, हा भाग तुमच्यासाठी आहे, आणि मला ठाऊक आहे की तुमचं मानधन तुटपुंजं आहे, तेही वेळेवर मिळत नाही. तुमच्यावर ओरडायला मी हे लिहीत नाही.

टी.सी.एल. म्हणजे ब्लिचिंग पावडर. ताजी असते तेव्हा तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हवा, ऊन, ओल लागली की ते उडून जातं. मी कितीतरी ग्रामपंचायतींच्या खोल्या पाहिल्या, कोपऱ्यात तोंड उघडं पडलेलं पोतं, खिडकीतून पावसाची झड आत येते, पावडरीचे ओल्या चुन्यासारखे गोळे झालेले. हाताला चिकटते पण नाकाला झोंबत नाही. अशी पावडर टाकीत टाकली काय आणि रांगोळी टाकली काय. पोतं फळीवर ठेवा, तोंड बांधा, अंधाऱ्या कोरड्या जागी. आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा, त्याची सोय आहे. वीस टक्क्यांच्या खाली क्लोरीन निघालं तर ते पोतं कामाचं नाही, मग ते कितीही स्वस्तात मिळालेलं असो.

विहिरीवर पाणी भरणारी गावं आणि पोड (कोलामांच्या वस्त्या) अजून आहेत, त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा, मग ७८५ नं गुणा. जेवढे आले तेवढे लिटर पाणी. चार मीटर रुंद विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर साधारण ९५ ग्रॅम. ती तशीच विहिरीत भिरकावायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरायची, दहा मिनिटं निवळू द्यायची. चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची, ती दोरानं पाण्याच्या आत सोडायची आणि वर-खाली हिंदळायची. खालचा चुना फेकून द्यायचा, तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. त्यानंतर तासभर कुणी पाणी काढायचं नाही, म्हणून हे काम रात्री उशिरा केलेलं बरं. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, तेव्हा मात्रा वाढवावी लागते. किती वाढवायची? ओ.टी. सांगेल तेवढी.

आणि ओ.टी.चा रंग दहा सेकंदांच्या आत बघायचा असतो. हे मला नोकरीच्या अठराव्या वर्षी कळलं, कुणी सांगितलंच नव्हतं. पाण्यात नालीची घाण मिसळली असेल तर क्लोरीन तिच्याशी जोडलं जातं, त्याचा जंतू मारण्याचा जोर कमी होतो, पण नळी तशीच ठेवून पंधरा मिनिटांनी पाहिलं तर तीही पिवळी दिसते. म्हणजे जिथे सगळ्यांत जास्त धोका आहे तिथेच उशिरा पाहणारा फसतो. टोकाच्या नळावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं, हा नियम आहे. टाकीत कितीही असलं तरी वाटेत गंजलेले पाइप, गाळ, आत ओढलेली घाण हे सगळं त्याला खात जातं. टाकीजवळच्या घरांना ते पोहोचतं. शेवटच्या घराला पोहोचायच्या आत संपतं.

शेवटचं घर कुणाचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या गावांची रचना सगळ्यांना ठाऊक आहे. टाकी गावठाणात, मोठ्या घरांजवळ. मग बाजारचौक, मग मधल्या गल्ल्या, आणि लाइन जिथे बारीक होत होत संपते तिथे बौद्धपुरा, पारध्यांचा बेडा, कोलामांचा पोड, लमाणांचा तांडा, नाहीतर मागून आलेल्या मजुरांच्या झोपड्या. पाइपही तिथे एक इंचाचा, तोही नालीतून नेलेला, कारण वेगळी चारी खणायला पैसे उरले नव्हते. त्या वस्तीत साथ फुटली की चारचौघांत बोललं जातं, "त्यायले स्वच्छता नाही." मी त्या घरांत गेले आहे. घरं सारवलेली, भांडी घासून उन्हात मांडलेली, गुंडाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं. घाण त्यांच्या घरात तयार झाली नव्हती, ती नळातून घरपोच आली होती.

त्या फडक्याचंही सांगते, कारण आपण त्याला हसतो. बांगलादेशात असाच एक अभ्यास झाला, २००३ साली तो छापून आला. जुन्या, खूप वेळा धुतलेल्या सुती साडीची आठ पदरी घडी करून बायांनी पाणी गाळलं, तर कॉलरा जवळपास निम्म्यानं कमी झाला. हा जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतो आणि जुन्या कापडाचे धागे फुलून छिद्रं बारीक झालेली असतात, म्हणून तो अडकतो. आमच्या मायबाया जे करत होत्या त्यात तथ्य होतं. पण उरलेला निम्मा तर पोटात जातोच. पाणी नीट देण्याची जबाबदारी त्या फडक्यावर टाकता येणार नाही.

एक गोष्ट मला अलीकडे जास्त डाचते. गावोगाव थंड पाण्याचे कॅन आले. वीस लिटरचा निळा कॅन सकाळी दारात येतो. ज्यांना परवडतं ते तो घेतात, त्यात माझंही घर आहे. सरपंचांच्या घरी तो आहे, ग्रामसेवक तालुक्याहून बाटली घेऊन येतात, मास्तरांच्या घरीही कॅन. म्हणजे टाकीच्या पाण्याबद्दल ज्यांचा शब्द चालतो, त्यांच्यापैकी कुणीच आता टाकीचं पाणी पीत नाही. त्या कॅनच्या पाण्यातही क्लोरीन उरलेलं नसतं, आणि कॅन आतून कधी घासला जातो ते त्या गाडीवाल्यालाच माहीत, पण तो विषय निराळा. आमच्या लहानपणी पाटलाची आणि मजुराची विहीर वेगळी होती. नळ आला तेव्हा वाटलं होतं, आता पाणी एक झालं.

"गॅस्ट्रो" या शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. साथ आली की बातमीत तोच येतो, कागदावर तोच येतो. गॅस्ट्रो हे काही रोगाचं नाव नाही, पोट बिघडलं एवढाच त्याचा अर्थ. कॉलरा म्हटलं की चौकशी होते, कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. कॉलरा आहे की नाही हे मळाच्या तपासणीनंच कळतं, आणि नमुना अँटिबायोटिक देण्याआधी घ्यावा लागतो. होतं काय, आधी सगळ्यांना गोळ्या वाटल्या जातात, तिसऱ्या दिवशी नमुना जातो, त्यात काही निघत नाही, आणि फाइल गॅस्ट्रो म्हणून बंद होते. तुमच्या गावात असं झालं तर ग्रामसभेत उभं राहून विचारा, पहिल्या पेशंटचा नमुना कधी घेतला? रोगाचं नाव लपवून गावाची अब्रू वाचते असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं पुढच्या वर्षीच्या मृगाचा विचार करावा. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीला उघड्या विहिरीचं पाणी पिऊन माणसं दगावली. तेव्हा कॉलरा हे नाव उघडपणे घेतलं गेलं, म्हणून निदान राज्याला कळलं की पटकी अजून आपल्यातून गेलेली नाही.

पैसा नाही, असं तुम्ही म्हणाल. काही बाबतींत ते खरं आहे, पाणीपट्टी वसूल होत नाही, योजनेचं वीजबिल थकतं, पंप बंद पडतो आणि लोक पुन्हा नाल्यावरच्या झिऱ्याकडे वळतात. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा बंधित होता, अर्धा पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छतेसाठी. तो आपल्या गावात कुठे खर्च झाला, हे एकदा काढून बघा. सिमेंट रस्त्याला उद्घाटन असतं, फलक असतो. जमिनीखाली बदललेल्या सांध्याला यातलं काही मिळत नाही, हे मी जाणते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. हिरवं कार्ड मिळालेल्या गावातही मी साथ पाहिली आहे, कारण कार्ड बहुतेक स्रोत आणि टाकी बघून ठरतं. खड्ड्यातला नळ त्यात नीट येत नाही.

म्हणून पुन्हा त्याच मागणीवर येते. मे महिन्यात एक दिवस काढा. जलसुरक्षक, एक सदस्य, आशाताई आणि शेवटच्या वस्तीतल्या दोन बाया, अशी पाच माणसं लाइनीच्या कडेनं टाकीपासून टोकापर्यंत पायी चाला. पाइप कुठे नालीतून जातो, कोणता व्हॉल्व्हचा खड्डा तुंबलेला आहे, कुठे नळ खड्ड्यात आहे, ते वहीत लिहा. सगळं एका वर्षात दुरुस्त होणार नाही. पण नालीतला पाइप वर उचलून घेता येतो, खड्ड्यातला नळ चार फरशा बांधून बाजूच्या सांडपाण्यापासून तोडता येतो, व्हॉल्व्हचा खड्डा उपसता येतो. मग पहिल्या पावसापासून पोळ्यापर्यंत, पाणी सुटेल त्या प्रत्येक दिवशी शेवटच्या घरी ओ.टी. घ्या. वीस मिनिटांचं काम आहे. पाणी पिवळं झालं नाही, तर दवंडी द्या, व्हॉट्सअॅपवर टाका, लोकांना उकळून प्यायला सांगा, आणि गळती शोधा. ओ.टी.ची नळी त्या वस्तीतल्याच एखाद्या बाईच्या हाती द्या. जलजीवनच्या योजनेत गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलंच आहे. शिकलेल्या बाया घरी बसल्या आहेत, तपासणीच्या पेट्या कपाटात आहेत. त्या बाहेर काढा.

मी ज्या गावाची गोष्ट सांगितली, तिथला तो नातू आता एकोणीस-वीस वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीत भेटला. ती लाइन बदलली का, असं मी विचारलं. अर्धी बदलली, म्हणाला, चौकापर्यंत. त्यांच्या घरचा नळ अजून खड्ड्यातच आहे.

माझ्याकडे ओ.टी.ची पेटी आहे, औषधाची बाटली यंदाच नवीन घेतली. गुडघे दुखतात पण चालता येतं. आसपासच्या तालुक्यांतल्या कुठल्याही ग्रामपंचायतीनं बोलावलं तर मी येईन, जलसुरक्षकाला आणि बायांना शिकवीन, लाइनीवरून सोबत चालेन. मानधन नको, एसटीचं तिकीट माझं मी काढीन. यंदा मृगाच्या आधी बोलवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
जिल्हा यवतमाळ